सिनेमा पाहावा सुचवून

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले पूर्वज सांगून गेले. त्यांच्या काळी सिनेमा नव्हता. नाहीतर त्या म्हणीला त्यांनी तिसरे शेपूट नक्की जोडले असते, की सिनेमा पाहावा सुचवून! घर बांधताना फार तर पैसा बुडतो, लग्नात फार तर मानापमान होतात. पण दुसऱ्याला सिनेमा सुचवणाऱ्या माणसाची अब्रूच पणाला लागते. ज्याला सुचवला तो दुसऱ्या दिवशी रस्त्यात भेटतो, आणि त्याने नमस्कारासाठी हात किती वर नेला यावरूनच आपल्याला निकाल कळतो.

दिवाळी जवळ आली की हा प्रसंग माझ्यावर हटकून येतो. सोयगावात राहणारा मी एक साधा मराठीचा प्राध्यापक. सोयगाव कुठे, असे कोणी विचारले की आम्ही अजिंठ्याच्या लेण्यांकडे बोट दाखवतो. लेणी आमच्या तालुक्यात. पण अजिंठा नावाचे गाव मात्र घाटावर, शेजारच्या सिल्लोड तालुक्यात. म्हणजे लेणी आमची आणि नाव त्यांचे! आम्ही डोंगराच्या पायथ्याशी. जिल्हा छत्रपती संभाजीनगर. पण बाजार, दवाखाना आणि सोयरीक पुष्कळदा पाचोरा-जळगावकडे. मोठ्या पडद्यावर काही पाहायचे तर एकतर जळगाव गाठायचे, नाहीतर घाट चढून संभाजीनगर. दिवाळीच्या सुमारास घरोघर कपाशीची वेचणी चालू असते. तेवढी सवड कोणाला? म्हणून आमचा सिनेमा घरातच. आणि घरात काय लावायचे हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. मराठीच्या प्राध्यापकाला लग्नपत्रिकेचा मजकूर, श्रद्धांजलीचे भाषण, पोरीचे नाव आणि चांगला सिनेमा या चार विषयांतले सगळे कळते अशी आमच्या गावाची गोड समजूत आहे. ती मी आजवर मोडू दिलेली नाही.

मोडायची वेळ मात्र एकदा आली होती. आमच्या गल्लीत एक निवृत्त तलाठी राहतात. वाचनाची आवड, बोलणे मुद्देसूद, कायद्याची तोंडओळख. मी विचार केला, यांना चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ सुचवावा. व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ साली गौरवलेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळवलेला. एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला भरतात. का, तर त्याचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने जीव दिला म्हणे. मग तो खटला चालतो. चालतो म्हणजे चालतच राहतो. त्यातच त्या चित्रपटाचे सामर्थ्य आहे, असे मी तलाठीअण्णांना दहा मिनिटे उभ्या उभ्या समजावून दिले. दोन दिवसांनी ते दारात आले. म्हणाले, “सर, पिच्चर अगदी खरा आहे हो. वडिलोपार्जित जमिनीसाठी बावीस वर्षं मी कोर्टात हेच बघितलंय. तारीख, तारीख आणि पुन्हा तारीख. ते बघायला पुन्हा घरी कशाला बसवलंत?”

आता ही टीका म्हणावी की स्तुती? ताम्हाणे यांच्या कानावर गेली असती तर ते खूश झाले असते, असे मला वाटते. पण माझे चुकले होते हे खरेच. मुलीला स्थळ सुचवताना आपण नुसते मुलाचे शिक्षण सांगत नाही. घर कसे आहे, सासू कशी आहे, विहिरीला पाणी आहे का, तेही पाहतो. सिनेमाचे तसेच आहे. चित्रपटगृहात माणूस तिकीट काढून, मनाची तयारी करून जातो. अंधारात बसतो, शेजारचा कोण हे त्याला ठाऊक नसते. रडला तरी कोणाला दिसत नाही. घरात तसे नाही. घरात दिवा चालू असतो, कुकरची शिट्टी होते, आजी मध्येच विचारते, “हा कोण?” नायक-नायिका जरा जवळ आली की बाप खाकरून पाणी प्यायला उठतो. घरचा प्रेक्षक चित्रपटाकडे अर्धा आणि एकमेकांच्या चेहऱ्याकडे अर्धा पाहत असतो. तेव्हा चित्रपट कितीही उत्तम असो, तो कोणत्या घरात जायचा आहे हे आधी पाहावे.

घरात बसून पाहण्याची आपली सवय तशी फार जुनी नाही. मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पण आमच्यासारख्या खेड्यांत तिचे पाऊल पडायला पुढची पंधरा वर्षे लागली. मला आठवते ते १९८७ सालचे ‘रामायण’. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. गल्लीत एकच संच, लाकडी दारे असलेला. रविवारी सकाळी त्याची दारे देव्हाऱ्यासारखी उघडत आणि काही म्हाताऱ्या खरोखरच हात जोडत. पत्र्यावर चढून एक दादा अँटेना फिरवी. “आलं का?” “आलं! आलं! गेलं!” असा त्याचा आणि खालच्यांचा संवाद चाले. पुढे भाड्याने व्हिडिओ आणायची चाल पडली. वर्गणी काढून एका रात्रीत तीन सिनेमे, आणि पहाटे तिसऱ्यातला खलनायक मरायच्या आतच अर्धा ओटा झोपलेला. २०२० सालच्या मार्चअखेरीस टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा लावले, तेव्हा आमच्याकडे आई, मी आणि मुलगी अशा तीन पिढ्या एका सतरंजीवर बसलो. हवेत दोन बाणांची टक्कर होऊन ठिणग्या उडाल्या तशी मुलगी फिस्सकन हसली. आईने तिच्याशी संध्याकाळपर्यंत अबोला धरला. मला दोघींचेही पटत होते.

तर वाचकहो, यंदाही विचारणा झाली आहेच, आणि संपादकांनीही या सदरात नेहमीची पुस्तके बाजूला ठेवून चार सिनेमे सांगा म्हणून आग्रह धरला आहे. माझ्या अनुभवाला उतरलेली काही स्थळे सांगतो. हुंडा नाही.

घरात म्हातारे माणूस असेल तर निःशंकपणे प्रभातचा ‘संत तुकाराम’ लावा. १९३६ सालचा; दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. मुंबईत तो वर्षभराहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला, हे सगळे खरे; पण ते तुम्ही घरच्यांना सांगू नका. पारितोषिकांची यादी ऐकली की घरची माणसे सिनेमाला परीक्षेसारखी बसतात. नुसता लावा. पहिली पाच मिनिटे आवाज जुना वाटेल, पडद्यावर रेघांचा पाऊस पडेल. मग विष्णुपंत पागनीस दिसतील. या गृहस्थांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचे ते मार्दव कुठून आले असेल याचा मला त्यामुळे थोडा उलगडा होतो. आमच्या आईने त्यांना पाहताच आधी डोक्यावरचा पदर सारखा केला.

पण चित्रपट तिने पाहिला तो जिजाईसाठी. गौरी नावाच्या बाईंनी ती भूमिका केली आहे. नवरा अभंगात रंगलेला, घरात दाणा नाही, मूल तापाने फणफणलेले. तेव्हा ही बाई मुलाला ओढत देवळात नेते आणि हातात वहाण घेऊन विठ्ठलालाच जाब विचारते. त्या ठिकाणी आई एकदम म्हणाली, “बरोबर आहे तिचं.” आमची आई नेमाने एकादशी करणारी! जरा वेळाने पुन्हा म्हणाली, “तो संत झाला, पण चूल हिनंच पेटवली.” वर्गात मी तुकारामांवर वीस वर्षे बोलतो आहे, हे वाक्य मला सुचले नव्हते. आता मी ते बिनदिक्कत वापरतो आणि आईचे नावही सांगतो.

मराठीचा मास्तर म्हणून एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. या चित्रपटासाठी कवी शांताराम आठवले यांनी एक अभंग लिहिला, तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला की भल्याभल्यांनी तो गाथेत शोधला. माझे विद्यार्थी अजूनही तो तुकारामांचा म्हणून उत्तरपत्रिकेत लिहितात. मी अर्धा गुण कापतो; पण मनातून आठवले यांना पूर्ण गुण देतो.

‘श्यामची आई’विषयी मात्र थोडे जपून. आचार्य अत्रे यांचा हा १९५३ सालचा चित्रपट. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रीय सुवर्णपदक त्यालाच मिळाले, आणि तो मान पुन्हा मराठीकडे यायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे वाट पाहावी लागली. चित्रपट उत्तमच. पण पुष्कळ घरांत तो मुलांना शिक्षा म्हणून दाखवतात. “बघ, बघ, श्याम कसा आईचं ऐकतो!” असे म्हणत मुलाच्या पाठीत बोट खुपसतात. असे करायचे असेल तर न दाखवलेला बरा. मुलांना तो आपोआप सापडू द्यावा.

मुलांसाठी माझ्याकडे दुसरे दोन आहेत. एक परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’, २०१४ सालचा. पंढरपुरातले एक बापाविना घर, बँकेचे कर्ज, आणि एलिझाबेथ नावाची सायकल. ती सायकल विकायची पाळी येऊ नये म्हणून पोरे एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. आपल्या ओळखीचे सगळे; शिव्यासुद्धा ओळखीच्या, हे आधी सांगून ठेवतो. दुसरा जरा लांबचा, इराणातला. माजिद मजिदी यांचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, १९९७ सालचा. भावाच्या हातून बहिणीचे बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, कारण बापाकडे पैसे नाहीत. मग एकाच जोडीवर दोघे शाळा करतात. ती सकाळी, तो दुपारी, आणि मधल्या वेळात गल्लीतून पळत येऊन बुटांची अदलाबदल. पुढे एक शर्यत येते. तिच्यात तिसऱ्या नंबराला बूट आहेत. पहिल्याला नव्हे, तिसऱ्याला!

हा चित्रपट मी आमच्या ओट्यावर गल्लीतल्या दहा-बारा पोरांना दाखवला. भाषा फारसी, खालची इंग्रजी अक्षरे वाचण्याइतका वेग कोणाला नाही. मी भाषांतर करायला शेजारी बसलो होतो, पंधरा मिनिटांनी एका मुलीने मला सांगितले, “सर, तुम्ही नका सांगू, कळतंय.” शर्यत सुरू झाली तेव्हा तिसरीतला एक मुलगा डोळे मिटून पुटपुटत होता, “देवा, त्याचा पहिला नंबर नको येऊ देऊ.” असली प्रार्थना देवाने क्वचितच ऐकली असेल.

गावात राजकारणाची आवड असलेले एखादे काका असतातच. त्यांच्यासाठी डॉ. जब्बार पटेल यांचे दोन चित्रपट राखून ठेवावेत. ‘सामना’ १९७५ सालचा, ‘सिंहासन’ १९७९ सालचा; दोन्हींचे लेखन विजय तेंडुलकरांचे, ‘सिंहासन’च्या मुळाशी अरुण साधूंच्या कादंबऱ्या. आधी ‘सामना’ लावावा. साखर कारखान्याच्या गावातला बडा पुढारी, म्हणजे निळू फुले. आणि कुठून तरी आलेला एक दारुडा मास्तर, म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हा मास्तर एकच प्रश्न विचारत राहतो, की मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले. बस्स, एवढेच. ग्रामपंचायतीची निवडणूक दोनदा लढवलेले आमचे एक स्नेही हा चित्रपट पाहून दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आपल्या गावात असा मास्तर नाही हे बरं आहे.” मी मास्तरच असल्यामुळे यावर काय बोलावे ते मला कळेना.

‘अशी ही बनवाबनवी’ मी सुचवत नाही. १९८८ पासून तो प्रत्येक घरात आहेच. त्यातले संवाद पोरांना पाढ्यांच्या आधी येतात.

मालिकांचे म्हणाल तर माझे एक जुने भांडण आहे. मालिका ही दिवाळीच्या फराळासारखी असावी. थोडी, मोजकी, आणि डबा रिकामा झाल्यावर चुटपुट लावणारी. हल्लीच्या रोजच्या मालिका म्हणजे खानावळीचे ताट. भरते रोज, आठवत काही नाही. आणि एखाद्या सुनेने कपाटाची किल्ली कुठे ठेवली हे समजायला श्रावणापासून मार्गशीर्ष उजाडतो. संपण्याचे धैर्य असलेल्या मालिका पाहाव्यात. शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ पाहा, आर. के. नारायण यांच्या गोष्टी, कर्नाटकातल्या आगुंब्यात चित्रित केलेल्या. स्वामी नावाचा तो पोरगा आणि त्याचे कडक वडील, म्हणजे गिरीश कर्नाड, हे आपल्या शेजारच्याच घरातले वाटतात. घरात स्पर्धा-परीक्षेचा अभ्यास करणारा कोणी असेल तर त्याला श्याम बेनेगल यांची ‘भारत एक खोज’ द्या. त्रेपन्न भाग आहेत. दिवसाला एक पाहिला तर दोन महिन्यांत इतिहास संपतो, आणि गाईडापेक्षा स्वस्त पडतो. आणि सगळ्या घराने मिळून पाहायची म्हणाल तर ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’. २००१ साली सुरू झालेली. दिलीप प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावर बेतलेली, दिग्दर्शक केदार शिंदे. तीत कोणी कोणाला विष घालत नाही, कोणी जिन्यावरून पडून स्मृती घालवत नाही. एक मध्यमवर्गीय घर, एक आजोबा, आणि रोजची बारीकसारीक भांडणे. हे नाव लक्षात ठेवा. पुढे पुन्हा येणार आहे.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती सांगावी की नाही यावर आमच्या घरी दोन दिवस खल झाला. सौभाग्यवतींचे म्हणणे पडले, “अहो, लोकांना घर पाहून सिनेमा सुचवा म्हणून उपदेश करताय, मग तुम्ही स्वतः कुठलं घर पाहिलं नव्हतंत, तेही लिहा.”

२०१८ सालची दिवाळीची सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी बी. ए. च्या शेवटच्या वर्षातला एक विद्यार्थी माझ्याकडे आला. जवळच्याच खेड्यातला, अबोल, अक्षर सुंदर, वर्गात मागच्या बाकावर बसूनही सगळे टिपून घेणारा. म्हणाला, “सर, सुट्टीत घरी सगळे असतात. आपल्या लोकांचा एखादा पिच्चर सांगा ना.” मला मनापासून आनंद झाला. मी त्याला सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ दिला. २००९ सालचा, विदर्भातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याची गोष्ट. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला आहे, आणि किसनाच्या बायकोच्या, अलकाच्या मनात भीती शिरली आहे की आपला नवराही तेच करील. म्हणून ती त्याच्यावर पाळत ठेवते. पोराला त्याच्या मागे लावून देते. ऐपत नसताना त्याला आवडेल ते रांधून घालते. गिरीश कुलकर्णी, सोनाली कुलकर्णी आणि ज्योती सुभाष. तिघांचीही कामे अशी की कोणी नटच वाटत नाही. आणि इतक्या काळ्या विषयात अधूनमधून हसू फुटते, हे तर फारच अवघड. हे सगळे मी त्याला उत्साहाने सांगितले. माझ्याकडची तबकडी आणि ती चालवायचा जुना खोकासुद्धा कापडी पिशवीत घालून दिला.

सुट्टीनंतर कॉलेज उघडले तेव्हा तबकडी माझ्या टेबलावर होती. पिशवी धुऊन, घडी घालून ठेवलेली. खोका नव्हता, आणि मुलगाही नव्हता. पुढे तो वर्गात येई, पण तास संपला की माझ्यासमोर न येता निघून जाई. मला वाटले, खोका बिघडला असेल आणि पोर सांगायला लाजत असेल. पंधरा दिवसांनी त्याच्याच गावच्या दुसऱ्या मुलाने सांगितले. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने कपाशी खाल्ली, ते वर्ष इकडे कोणी विसरलेले नाही. बोंडे दिसायला भरलेली, आणि फोडली की आत कीड. त्या हिवाळ्यात या मुलाच्या काकांनी औषध घेतले होते. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. पिकाला मारतात तेही औषध, आणि माणूस घेतो तेही औषध.

मी घरी येऊन जुना हजेरीपट काढला. २०१७ च्या डिसेंबरात त्याच्या नावापुढे सलग बारा दिवस गैरहजेरीच्या खुणा होत्या. माझ्याच हाताच्या, लाल शाईने केलेल्या. परत आल्यावर मी त्याला वर्गात उभे करून कारणही विचारले असणार. तो काय बोलला असेल ते मला आठवेना.

त्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो. ओसरीत कापसाचा ढीग होता. मुलाचे वडील, आजी. आणि आतल्या दाराशी काकू, मांडीवर सूप घेऊन काहीतरी निवडत बसलेल्या. मी माफी मागितली. वडील म्हणाले, “तुमचा काय दोष सर? तुम्हाला काय माहीत.” हे माझ्या बाजूने बोललेले वाक्य मला सर्वांत लागले. चहा आला. कोणी काही बोलेना. मी उठण्याच्या बेतात होतो, तेवढ्यात आतून काकूंनी विचारले,

“सर, त्या पिच्चरमधल्या बाईला आधीच समजलं होतं ना?”

“काय, ताई?”

“तिच्या माणसाचं काहीतरी चाललंय म्हणून. पोराला मागं लावती ती.”

मी हो म्हणालो. त्या सुपाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला वाटायचं, थकलाय नुसता.”

आजीने तोंडाला पदर लावला. वडील उठून अंगणात गेले. मी वर्गात तास तास बोलणारा माणूस. मला एक शब्द सुचला नाही.

थोड्या वेळाने काकूच पुन्हा बोलल्या. “आम्ही अर्ध्यात बंद केला. पुढचं राहिलं. ती वाचवती का त्याला?”

सिनेमा सुचवणाऱ्याने शेवट सांगू नये हा माझा जन्माचा नियम. त्या दिवशी मी तो पाळला की मोडला, हे इथे लिहीत नाही, कारण तुमच्यापैकी अनेकांनी तो चित्रपट पाहिलेला नसेल. एवढेच सांगतो, की माझे बोलणे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “तरी बघायचाय मला. तुम्ही बसणार असाल तर लावा.”

पुढच्या रविवारी मी तबकडी घेऊन पुन्हा गेलो. खोका त्यांनी फडक्यात गुंडाळून फडताळात ठेवला होता. या खेपेला वडीलही बसले, आणि तो मुलगा काकूच्या शेजारी, अगदी खेटून. दुपारची वेळ होती, दार लावून घेतले होते तरी फटींतून ऊन येत होते. जिथे थांबवला होता तिथून नव्हे, पहिल्यापासून लावायला काकूंनी सांगितले. मध्ये दोन ठिकाणी आजी हसली. काकूही एकदा हसल्या आणि लगेच इकडेतिकडे पाहिले. संपला तेव्हा कोणी हलले नाही. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती, तेवढीच. मग काकू उठल्या, दार उघडले आणि मला म्हणाल्या, “चहा ठेवते.”

निघताना आजी म्हणाली, “सर, आता हसायचं काही असंल तर सांगा पोराला.”

मी ‘टिपरे’ सांगितले. त्याने ते मोबाइलवर शोधून काढले, आणि रात्री जेवणे झाल्यावर साखरेच्या डब्याला मोबाइल टेकवून सगळे घर ते पाहू लागले, असे त्याने मला कॉलेजात येऊन सांगितले. सुट्टीनंतर प्रथमच तो माझ्या टेबलाशी उभा होता. काकूंना कसे वाटले, म्हणून मी विचारले. म्हणाला, “काकू म्हणते, म्हातारा लई बोलतो, पण घरात असावा असा आहे.”

खोका अजून त्यांच्याकडेच आहे. मी मागितलेला नाही.